मागचं दार

दुकानात तिला सगळे मॅडम म्हणत, घरात नवरा 'अगं' म्हणे आणि मुलं काहीच म्हणत नसत, थेट मागणीवर येत. तिला चिमी म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं, तिचा दादा. आणि तो बारा वर्षांपूर्वी चांगली नोकरी, गाडी, घर, सगळ्यावर पाणी सोडून टेकडीवरच्या केंद्रात जाऊन राहिला होता.

चिमी फर्निचरच्या एका अवाढव्य दुकानात दुसऱ्या मजल्याची प्रमुख होती. त्या मजल्यावर नमुन्यादाखल अठरा खोल्या मांडलेल्या होत्या. प्रत्येकीत पलंग, दिवा, गालिचा, आणि कुणीतरी आत्ताच वाचता वाचता उठून गेल्यासारखं उपडं ठेवलेलं पुस्तक. गिऱ्हाईक जिन्याने वर आलं की त्याला काय हवंय हे चिमीला त्याच्या चालीवरून कळायचं. भांडत येणाऱ्या जोडप्याला ती सोफे दाखवायची आणि न बोलता येणाऱ्या जोडप्याला कपाटं. "भांडणाऱ्यांना अजून शेजारी बसायचं असतं," ती नव्या विक्रेत्यांना सांगायची, "गप्प असणाऱ्यांना दारं लावून घ्यायची असतात." तिचा अंदाज सहसा चुकत नसे. म्हणूनच ती प्रमुख झाली होती.

एका रविवारी, दुकान बंद व्हायच्या सुमारास, ती सात नंबरच्या खोलीत चादर सारखी करत होती. दिवसभर उभं राहून पोटऱ्या भरून आल्या होत्या. ती पलंगाच्या कडेला टेकली, मग जरा मागे रेलली आणि सवयीने उशाजवळ चष्मा चाचपू लागली. हाताला किमतीची चिठ्ठी लागली. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आपण घरी नाही. घरीही हाच पलंग होता, हाच दिवा, हाच गालिचा. सगळं कर्मचाऱ्यांच्या सवलतीत आणलेलं. ती ताडकन उठली, पण त्या रात्री घरच्या उशाजवळही तिचा हात चिठ्ठी शोधत राहिला.

पुढचे काही आठवडे तिचं कशात म्हणून लक्ष लागेना. दुखतखुपत काही नव्हतं. मुलं आपापल्या खोलीत आपापल्या पडद्यापुढे सुखात होती, नवरा नव्या टीव्हीची माहिती वाचण्यात गर्क होता. एकदा जेवताना ती म्हणाली, "मला कळत नाहीये, हे सगळं आपण कशासाठी करतोय?"

"कुठलं सगळं?" नवऱ्याने विचारलं.

"हेच. सगळं."

नवरा वाईट माणूस नव्हता. त्याने बायकोच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, फोन उचलला आणि ज्या चिकाटीने टीव्ही शोधला होता त्याच चिकाटीने शोध घेतला. दहा मिनिटांनी म्हणाला, "हे बघ, पाच दिवसांचं मौनशिबिर. आणि केंद्र तुझ्या दादाचंच आहे. दादा पण भेटेल, डोकंही शांत होईल. लोकांनी चांगलं लिहिलंय."

चिमीने नाही म्हटलं नाही. दादा गेला तेव्हा तिने त्याला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. आईने अंथरूण धरलं, बाबांनी त्याचं नाव टाकलं, आणि दोघांचं शेवटपर्यंतचं सगळं चिमीने एकटीने निस्तरलं. पण राग तरी किती वर्षं टिकणार? हळूहळू तिला त्याचा आधारच वाटू लागला. दुकानात एखादा दिवस नकोसा झाला की ती मनात म्हणायची, एक माणूस सुटलाय. आपल्याच घरातला, आपल्यासारख्याच नाकाचा. म्हणजे सुटता येतं. त्याला काहीतरी उमगलंय, आणि कधी जाऊन विचारलं तर तो आपल्याला सांगेल.

केंद्राच्या स्वागतकक्षात तिचा फोन, घड्याळ, पर्स आणि चपला एका कुलूपबंद खणात गेल्या आणि हातात राखाडी सदरा-विजार आली. टेबलापलीकडचा व्यवस्थापक इतका हसत होता की चिमीने मनातल्या मनात त्याचं नाव हसरा ठेवून टाकलं. त्याने चार पानी अर्ज पुढे केला.

"इथे सही. पाच दिवस मौन, पाच दिवस आवाराबाहेर जायचं नाही. दारं कार्डानेच उघडतात, त्यामुळे तुम्हाला काही काळजीच नाही."

"माझा भाऊ इथे असतो," ती म्हणाली. "बारा वर्षं झाली. त्याला भेटता येईल का?"

"अरे, तुम्ही दादांच्या बहीण! भेटा ना. मौन सुटलं की भेटा. पाचव्या दिवशी."

सभागृह मोठं होतं, काचाही मोठ्या होत्या, पण एकही खिडकी उघडणारी नव्हती. बाहेर वाऱ्याने झाडं वाकत होती आणि आत चाळीस माणसं भिंतीकडे तोंड करून बसली होती. दिवसातून एकदा सगळे पुढे वळून बसत, पडदा सरके आणि मोठ्या बाई दिसत. हे केंद्र ज्यांच्यामुळे सुरू झालं त्या याच. आता नव्वदीला टेकलेल्या. त्या एका गुबगुबीत आरामखुर्चीत बसलेल्या असत, त्यांचं जुनं बोलणं यंत्रावर लागे, आवाज चाळिशीतल्या बाईचा, ठसठशीत. बोलणं संपलं की पडदा परत बंद. पहिल्याच दिवशी चिमीच्या मनात आलं, बैठक फार खोल आहे, पाय जमिनीला टेकत नाहीत, या खुर्चीतून कुणी ओढल्याशिवाय या बाईंना उठता यायचं नाही. मग तिची तिलाच लाज वाटली. इथे येऊनही आपल्याला खुर्चीच दिसली.

दुसऱ्या दिवशी काचेपलीकडच्या बोळात दादा दिसला. तिने मनात जो बसवून ठेवला होता तो दादा कृश होता, शांत होता, डोळे मिटून झाडाखाली बसला होता. हा चांगला टकला होता. गळ्यात कार्ड, खांद्याने कानाशी दाबलेला फोन, दोन्ही हातांनी खोक्यांची ढकलगाडी लोटत चालला होता. तिला पाहून थबकला. हात अर्धा वर गेला. तेवढ्यात फोनवर कुणीतरी काही बोललं आणि तो गाडी ढकलत निघून गेला.

तिसऱ्या दिवशी चिमीचा धीर सुटला. ती तडक स्वागतकक्षात गेली आणि म्हणाली, "मला घरी जायचंय."

हसऱ्याने ओठांवर बोट ठेवलं आणि कागदावर लिहिलं, 'आज सगळ्यांनाच जावंसं वाटतं. तिसरा दिवस आहे.'

तिने खाली लिहिलं, 'मला खरंच जायचंय.'

'सगळे हेच लिहितात,' हसऱ्याने लिहिलं आणि आणखी हसला.

तिने जाऊन दार ढकललं. दार हललं नाही. खांदा लावून ढकललं, तरी नाही. काचेपलीकडे हमरस्ता होता, थांब्यावर एक बस उभी होती, चालक उतरून आळस देत होता. ती काचेला हात लावून बस सुटेपर्यंत बघत राहिली. मागून ओळखीचा आवाज आला.

"यांना भांडारात श्रमसेवेला देता का? मला माणूस कमी पडतंय."

हसऱ्याने मान डोलावली.

भांडार तळघरात होतं. दादाने दार लोटून घेतलं आणि वळून म्हणाला, "इथे बोललं तर चालतं. चिमे, जाड झालीस."

"तू टकला झालास."

दोघं हसली, आणि हसता हसता चिमीला रडूच कोसळलं. दादाने तिला उशांच्या गठ्ठ्यावर बसवलं आणि पुसायला पाकीट फोडून नवाकोरा टॉवेल दिला. आजूबाजूला मांडण्यांवर चटया होत्या, सुगंधी मेणबत्त्या होत्या, आणि छतापर्यंत पाण्याच्या रंगीत बाटल्यांची खोकी होती. प्रत्येक बाटलीवर एकच शब्द छापलेला, 'पुरे'.

"दादा, मी तुला विचारायला आलेय," ती म्हणाली. "तुला काय सापडलं ते सांग. मला खूप गरज आहे."

दादा एका खोक्याची चिकटपट्टी नखाने उचकटत राहिला.

"सांगतो. आधी माझं एक काम कर. तू मोठ्या दुकानात प्रमुख आहेस ना? या बाटल्या हलत नाहीयेत गं. लोक जाताना आमच्या दुकानातूनच बाहेर पडतात, तरी कुणी हात लावत नाही. व्यवस्थापक रोज डोकं खातात."

चिमी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली. त्यालाही ते कळलं असावं. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"पहिली दोन वर्षं मी नुसता बसायचो," तो म्हणाला. "खरंच बरं वाटायचं. मग यांच्या लक्षात आलं की मला माल मागवता येतो. आधी उशा दिल्या, मग चटया, मग सगळंच. कंपनीत होतो तेव्हा पंप मागवायचो, आता उशा मागवतो. फरक म्हणशील तर उशा हलक्या असतात."

"मग परत का नाही आलास?"

"कोणत्या तोंडाने येऊ? आईला सांगून निघालो होतो, काहीतरी मोठं शोधायला चाललोय म्हणून. आईबाबा गेले तेव्हाही यायचं धाडस झालं नाही. तुम्ही विचारलं असतं, मिळालं का?"

"मी नसतं विचारलं."

"आत्ता विचारलंस की."

तिने टॉवेलने नाक पुसलं. दादा खाली मान घालून म्हणाला, "मला तर नेहमी वाटायचं, चिमीचं बरं आहे. घर आहे, माणसं आहेत, पोरं आहेत. तिला जगायचं कसं ते बरोबर कळलं. मलाच नाही कळलं."

बारा वर्षं चिमी त्याच्याकडे बघून दिवस ढकलत होती आणि तो तिच्याकडे बघून. ती डोळे पुसून उठली आणि म्हणाली, "चल, दाखव तुझं दुकान."

दुकान बाहेरच्या दाराला लागूनच होतं. चिमीने एक नजर टाकली आणि बाह्या सरसावल्या. तिने बाटल्यांचा डोंगर उतरवला, सगळी खोकी आत नेली. कोपऱ्यातलं एक साधं लाकडी स्टूल काचेजवळ उजेडात ओढलं, त्यावर दोनच बाटल्या ठेवल्या, एक निळी, एक पांढरी. बाजूची मेणबत्त्यांची गर्दी हटवली. "ढिगावर 'पुरे' लिहून काय उपयोग?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "आणि तू गल्ल्यापाशी उभा राहू नकोस, तुझ्या चेहऱ्यावर काकुळती दिसते." त्या दुपारी दुसऱ्या एका शिबिराची माणसं बाहेर पडली. प्रत्येकजण त्या स्टुलाशी थांबला. संध्याकाळपर्यंत तळघरातली निम्मी खोकी रिकामी झाली. दादाने पोरासारख्या टाळ्या पिटल्या, आणि चिमीही खळखळून हसली.

रात्रीच्या जेवणाला भिंतीकडे तोंड करून बसल्यावर तिच्या मनात आलं, इतक्या आठवड्यांत आज पहिल्यांदा बरं वाटलं. आणि कशाने? तर माल खपला म्हणून. पुढचा घास तिच्या हातातच राहिला.

चौथ्या दिवशी दुपारी दादाने तिला मोठ्या बाईंच्या खोलीत धुतलेले टॉवेल पोचवायला पाठवलं. बाई एकट्याच होत्या. तीच गुबगुबीत खुर्ची, आणि बाई तिच्यात पार रुतून गेलेल्या.

"कोण गं तू?"

चिमीने ओठांवर बोट ठेवलं.

"बोलायचं नाहीये होय? मग नको बोलूस. मला वर ओढ."

दुकानात म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना उठवायची चिमीला सवय होती. तिने बाईंच्या पावलांना पाऊल लावलं, दोन्ही कोपरांखाली हात घातले आणि एका झोक्यात त्यांना उभं केलं. मग भिंतीशी फायली ठेवायला वापरलेली ताठ पाठीची लाकडी खुर्ची रिकामी करून पुढे ओढली. बाई तिच्यावर बसल्या. पाय जमिनीला टेकले. त्या स्वतःच्या पावलांकडे बघत राहिल्या.

"ही दुसरी कुणीतरी मोठ्या प्रेमाने दिली," त्या आरामखुर्चीकडे मान करून म्हणाल्या. "सकाळी बसवतात, जेवायला उठवतात. तू काय करतेस?"

"फर्निचर विकते," चिमीच्या तोंडून निघून गेलं. आणि एकदा तोंड उघडलंच होतं म्हणून तिने विचारून टाकलं, "बाई, माणसाने जगावं कसं?"

बाई हसल्या नाहीत. "सुरुवातीला चार बायका यायच्या," त्या म्हणाल्या. "आम्ही माझ्या स्वयंपाकघरात बसायचो. मला थोडंसं कळलं होतं, ते मी त्यांना सांगितलं. सहा महिन्यांत सगळं सांगून झालं. मी म्हटलं, आता नुसत्या बसायला या. तोवर चाळीसजण झाले होते. मग यांनी सभागृह बांधलं."

"ते थोडंसं म्हणजे काय होतं?"

बाईंनी आठवून पाहिलं.

"आता नाही लक्षात," त्या म्हणाल्या. "पण त्या यंत्रात आहे म्हणतात." मग जरा थांबून, "मागे आवार आहे ना अजून? मला बाहेर ने."

चिमीने त्यांना हाताला धरून बोळाच्या टोकापर्यंत नेलं. टोकाला मागचं दार होतं, आणि ते कार्डाचं होतं. बाईंनी त्यावर तळहात ठेवला, जरा ढकललं आणि हात काढून घेतला, जणू त्यांना ते ठाऊकच होतं. चिमी त्यांना भिंतीचा आधार देऊन धावत भांडारात गेली.

"दादा, मागचं दार उघड. बाईंना बाहेर यायचंय."

दादाचा चेहरा उतरला. "तसं नाही करता येत गं. त्यांना बाहेर न्यायला परवानगी लागते."

"घरातून निघालास तेव्हा कुणाची परवानगी घेतली होतीस?"

दादा हातातली यादी खाली ठेवून तिच्या पुढे चालू लागला. दाराशी त्याने कार्ड टेकवलं.

मागे बघण्यासारखं काहीच नव्हतं. पाण्याच्या टाक्या, चेपलेली खोकी, आणि दोऱ्यांवर वाळत घातलेले शेदीडशे राखाडी सदरे. सिमेंट उन्हाने तापलं होतं. बाई अनवाणी त्यावर उभ्या राहिल्या, चेहरा वर केला, डोळे किलकिले झाले. मग सावकाश दोरीपाशी गेल्या, एका सदऱ्याची बाही चुरगाळून पाहिली.

"वाळलेत," त्या म्हणाल्या, आणि चिमटा काढून सदरा उतरवला.

त्यांनी तो उलट्या ठेवलेल्या पिंपावर पसरून, शिवणीला शिवण जुळवून त्याची घडी घातली. मग दुसरा घेतला. चिमी दोरीवरून काढून द्यायला लागली, दादा घड्या रचायला लागला. वारा आला की उरलेले सदरे फडफडायचे आणि बाई थांबून ते बघायच्या. चिमीच्या डोक्यात त्या वेळात ना दुकान आलं, ना घर, ना तिचा प्रश्न. हे तिच्या नंतर लक्षात आलं. त्या वेळी ती फक्त चिमटे काढत होती.

पंचवीस-तीस सदरे झाले असतील, तेवढ्यात दारात हसरा उभा राहिला. हसतच म्हणाला, "बाई, ऊन लागेल." त्याच्यामागून दोघीजणी आल्या आणि बाईंना दोन्ही बाजूंनी धरून आत घेऊन गेल्या. दादाला तो काहीच बोलला नाही. फक्त गळ्यातलं कार्ड मागून घेतलं, आणि तासाभराने परत दिलं. त्यानंतर ते मागच्या दाराला चालेना.

पाचव्या दिवशी पडदा सरकला तेव्हा बाई पुन्हा त्या गुबगुबीत खुर्चीतच होत्या. यंत्रातून ठसठशीत आवाज आला. चिमीने या वेळी कान देऊन ऐकलं. शब्द चांगले होते. पण त्यातलं ते थोडंसं कुठलं, हे तिला ओळखता आलं नाही.

दादा तिला फाटकापर्यंत सोडायला आला.

"चल माझ्याबरोबर," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. बैठकीतल्या सोफ्याचा पलंग होतो."

"आणि तिथे येऊन काय करू?"

"माहीत नाही. मी तरी काय करते?"

दादा हसला. मग म्हणाला, "बाई आज सकाळी मला विचारत होत्या, उरलेले कपडे कुणी काढले का? बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला काहीतरी विचारलं. नाही येत मी, चिमे."

ते खरं कारण होतं की सबब, हे तिला ठरवता आलं नाही. बहुधा त्यालाही आलं नसावं. फाटक सरकून बंद झालं. बस येईपर्यंत तो पलीकडे उभा होता.

"मग, मिळाली का शांती?" नवऱ्याने दारातच विचारलं. त्याच्यामागे भिंतीवर नवा टीव्ही लागला होता.

"दादा भेटला," ती म्हणाली.

सोमवारी ती दुकानात गेली. राजीनामा तिने दोनदा लिहिला आणि दोनदा पुसला. मुलांची वर्षं महत्त्वाची होती, आणि राजीनामा देऊन पुढे काय, याचंही उत्तर तिच्याकडे नव्हतं. अठरा खोल्यांत ती पूर्वीसारखीच फिरते. गिऱ्हाइकाची चाल तिला अजूनही कळते.

फक्त दर गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीत, ती मालाच्या जिन्यात जाऊन बसते आणि भांडारातल्या फोनवर दादाला फोन लावते.

"मागचं दार?" ती विचारते.

"बंदच आहे. पण धुतलेले सदरे मी आता बाईंच्या खोलीत नेतो, घड्या घालायला. तेवढं चालतं म्हणाले."

"बऱ्या आहेत?"

"कधी ओळखतात, कधी नाही." मग, "चिमे, तुला काही कळलं का गं?"

"नाही. तुला?"

"नाही."

जिन्याखालून मालाची गाडी ढकलत कुणीतरी जातं. दोघांपैकी कुणीच फोन ठेवत नाही.

"जेवलीस का?" दादा विचारतो.

"आता जेवते," ती म्हणते, आणि तशीच बसून राहते.